मातृभाषेचा रकाना

चंदर उलट बोलेनासा झाला होता, आणि द्रौपदाबाईंची तक्रार नेमकी हीच होती.

इतर बायांची पोरं उलट बोलतात म्हणून त्या रडतात. द्रौपदाबाईंचं दुखणं निराळं होतं. एकोणतीस वर्षांचा घोडा, बी.ए. पास, तेही इंग्रजी घेऊन, त्याला "मुडद्या, बादली भरून वाहतेय, डोळे फुटले का तुझे?" असं विचारलं तर तो "सॉरी आई" म्हणायचा आणि नळ बंद करायचा. संपलं. आता यावर माणसानं पुढं बोलायचं काय? नवरा किसन होता तोवर एका वाक्याला दोन वाक्यं परत यायची, संध्याकाळ कशी भरून जायची. कारखान्यात आयुष्यभर यंत्रांच्या वरताण ओरडलेला माणूस तो, भांडला तर अर्ध्या अंबरनाथला ऐकू जायचं. तो जाऊन चार वर्षं झाली आणि घरात उरलं ते हे सॉरी आणि थँक्यू. भाकरी वाढली तरी थँक्यू! जशी काही त्यांनी खानावळ काढली होती.

"हे पोरगं मनात काहीतरी शिजवतंय," त्या शेजारच्या कौसाबाईंना म्हणाल्या. "गोड झालेला पुरुष आणि गप्प बसलेलं मांजर, दोघांवर नजर ठेवावी."

"लग्न करून टाका त्याचं," कौसाबाई म्हणाल्या.

कौसाबाईंकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं. थोरल्या जावयाला मुतखडा झाला तेव्हा त्याचं लग्न आधीच झालेलं असल्यामुळं त्यांना काही सुचलं नव्हतं, एवढाच काय तो अपवाद.

चंदरच्या मनात शिजत होतं ते तैवान.

ते असं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये मेघानीशेठ म्हणून पँटीच्या चेनचे व्यापारी होते. जीन्स शिवणारे निम्मे कारखाने त्यांच्याकडून चेन उचलायचे. चंदर तिथल्या एका क्लासात इंग्रजी शिकवायचा आणि वर मेघानींच्या मुलीची शिकवणी घ्यायचा. मेघानींना चेन यायची तैवानहून, आणि चेन पाठवणाऱ्या त्या तिकडच्या शेठच्या बहिणीची लहान पोरांना इंग्रजी शिकवणारी शाळा होती. तिला मास्तर हवा होता. पगार असा, की चंदरनं आकडा सांगितल्यावर द्रौपदाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

एरवी चंदरनं अर्ज कुठं केले नव्हते? चौदा शाळा, दोन कॉलेजं, एक बँक. प्रत्येक ठिकाणी त्याच्या इंग्रजीचं कौतुक व्हायचं आणि दुसऱ्याची नेमणूक व्हायची. एका ठिकाणी तर साहेबानं विचारलं होतं, "गांगुर्डे, एवढी चांगली इंग्रजी तुम्ही कुठून शिकलात?" 'तुम्ही' या शब्दावर तो साहेब जरा जास्तच वेळ रेंगाळला होता, म्हणे. त्या दिवशी चंदर घरी येऊन जेवला नाही. द्रौपदाबाईंनी त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण त्याचा साहेबाला काही उपयोग झाला नाही आणि चंदरलाही नाही.

तेव्हा तैवान वाईट नव्हतं. अडचण एकच होती. मेघानींच्या दुकानातल्या फॅक्सच्या यंत्रातून जो कागद बाहेर आला, त्यावर अट होती: मास्तर जन्मापासून इंग्रजी बोलणारा हवा. शिकून बोलणारा चालणार नाही.

"जन्मापासून कोण बोलतो?" द्रौपदाबाई म्हणाल्या. "जन्मल्यावर सगळी पोरं एकाच भाषेत रडतात. तू तर रडलाही नव्हतास. दाईनं उलटा धरून दोन रट्टे दिले तेव्हा कुठं तोंड उघडलंस."

"आई, त्यांना म्हणायचंय की घरची भाषा इंग्रजी पाहिजे."

"मग त्या फॉरमनच्या हिल्डाबाईंचं नाव सांग की," कौसाबाई दारातून म्हणाल्या. त्या नेहमी दारातूनच बोलायच्या. आत आल्या तर चहा घ्यावा लागतो आणि चहा घेतला तर परत बोलवावं लागतं, असा त्यांचा हिशेब होता.

हिल्डाबाई म्हणजे कारखान्याच्या क्वार्टरमधल्या अँग्लो-इंडियन फॉरमनची बायको. चंदर तान्हा असताना द्रौपदाबाई तिच्याकडे भांडी-लादी करायच्या आणि पोराला मोरीच्या उंबऱ्याशी बसवायच्या. हिल्डाबाईला मूल नव्हतं. ती चंदरला मांडीवर घ्यायची, बिस्कीट द्यायची आणि दिवसभर त्याच्याशी इंग्रजीत बोलायची. पोरगं चार वर्षांचं झालं तेव्हा ते मायला 'आई' म्हणायचं आणि बिस्किटाला जे म्हणायचं ते मायला कळायचं नाही. पुढं फॉरमन ऑस्ट्रेलियाला गेला, चंदर शाळेसाठी कुळगावला मामाकडे गेला, आणि विषय संपला. द्रौपदाबाई हिल्डाबाईबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत. म्हणजे त्यांच्या मानानं.

"हिल्डाबाईचं नाव सांगून काय होतंय?" हे नाथा म्हणाला. नाथा किसनच्याच कारखान्याच्या आस्थापना विभागात एकतीस वर्षं शिपाई होता. एवढी वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्यामुळं त्याला कायदा खांद्यातून चढला होता. "वैनी, सरकारात तोंडानं बोललेली भाषा धरत नाय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रकाना हाय. मातृभाषा. त्यात जी लिहिली ती भाषा. चंदरच्या दाखल्यावर काय लिहिलंय?"

दाखला पत्र्याच्या पेटीतून निघाला. मातृभाषा: मराठी.

"बघा!" नाथा म्हणाला, जणू चोर सापडला. "हा रकाना बदलून आणा. तैवानच काय, विलायतसुद्धा गप बसंल."

आता कुणी म्हणेल, तैवानच्या बाईला कुळगावच्या शाळेच्या दाखल्याशी काय देणंघेणं? पण हे म्हणणारा माणूस कधी कचेरीच्या रांगेत उभा राहिलेला नसणार. ज्यांनी जन्मभर दाखले, उतारे आणि पडताळण्या जमवल्या, त्यांचा असा पक्का समज असतो की जगातल्या प्रत्येक दाराला एक कागद लागतो, आणि दार उघडलं नाही याचा अर्थ कागद चुकला.

दोघं मायलेक कुळगावला शाळेत गेले. हेडमास्तर नवे होते आणि सभ्य होते. त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं. शिपायानं ते झटकल्यावर तिघांनाही खोकला आला. एकोणसत्तर साल, पहिली. चंदर किसन गांगुर्डे. त्या ओळीत एका जागी लाल शाईची रेघ होती.

"इथं आधीही एक बदल झालाय," हेडमास्तर म्हणाले.

द्रौपदाबाईंना ती रेघ वाचता येत नव्हती, पण ओळखता येत होती. नाव घालताना मास्तरांनी सवयीनं जुनी जात लिहिली होती. किसननं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. तो रजा टाकून आला, मास्तरांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "खोडा. बौद्ध लिहा." मास्तर म्हणाले, तालुक्याहून आणा. तालुका म्हणाला, जिल्ह्याहून आणा. सात रजा गेल्या. आठव्या खेपेला ही लाल रेघ ओढली गेली आणि किसन घरी पेढे घेऊन आला. पोरगा पास झाला तेव्हाही त्यानं पेढे आणले नव्हते.

"हा ह्याच्या बापानं बदलला," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या. "आता हा दुसरा तुम्ही बदला."

"बाई, धर्म माणूस बदलू शकतो. मातृभाषा कशी बदलणार?" हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. हसावं की नाही, याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. "हा रकाना बदलायचा तर आई बदलून आणावी लागेल."

द्रौपदाबाई खो-खो हसल्या. नव्या हेडमास्तरांना जीभ होती, एवढं त्यांना आवडलं. चंदर हसला नाही. परतताना तो सगळा रस्ता गप्प होता. पण तो हल्ली गप्पच असायचा, तेव्हा त्यात वेगळं काही आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी तो म्हणाला, "आई, दाखला बदलायची गरज नाही. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करतो. हिल्डाबाईनं मला सांभाळलं, घरात इंग्रजीच होती, असं लिहू. चालतंय म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"चालतंय." मग जरा थांबून, "साक्षीदार लागेल. तू येशील?"

द्रौपदाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सही करता येणं ही त्यांच्या आयुष्यातली अलीकडची आणि मोठी गोष्ट होती. विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. तिथं त्यांनी तीन महिने पाटी गिरवली आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहायला शिकल्या. पुढची पुस्तकं आली तेव्हा वर्ग बंद पडला, त्यामुळं त्यांना जगातला दुसरा कुठला शब्द लिहिता येत नव्हता. पण हा एक असा लिहायच्या, की पोस्टमन थांबून बघायचा.

त्या जरीची निळी साडी नेसून उल्हासनगरला निघाल्या. कौसाबाईंनी विचारलं, "कुठं लग्न आहे?" द्रौपदाबाई म्हणाल्या, "सरकारात सही आहे माझी," आणि मागं वळून न बघता रिक्षात बसल्या.

कचेरीच्या बाहेर पत्र्याखाली टायपिस्ट बसलेले. चंदरनं एकाला गाठलं आणि उभ्या-उभ्या इंग्रजी सांगायला लागला. काय सांगत होता! नळाची तोटी निखळावी तसं. द्रौपदाबाई ऐकत राहिल्या. आपल्या पोटातून एवढी भाषा बाहेर आली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, असं त्यांना वाटलं. टायपिस्ट मध्येच थांबला. त्यानं चंदरकडे पाहिलं, मग द्रौपदाबाईंकडे, मग परत चंदरकडे. "साहेब, असंच टाकू?" चंदर म्हणाला, "टाका." द्रौपदाबाईंनी पदर सारखा केला. पोराच्या इंग्रजीनं टायपिस्टसुद्धा चाट पडला, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं; कौसाबाईंना सांगायला.

आत जायच्या आधी चंदर हळूच म्हणाला, "आई, साक्षीदार रक्ताच्या नात्याचा चालत नाही. विचारलं तर शेजारीण म्हण."

"म्हणजे खोटं बोलू?"

"नियम आहे."

नियम म्हटल्यावर द्रौपदाबाईंचं काही चाललं नाही. टेबलामागच्या कारकुनानं मान न उचलता विचारलं, "यांना ओळखता?"

"ओळखते म्हणजे? चड्डी घालायला कोणी शिकव..." चंदर खोकला. "ओळखते," त्या म्हणाल्या. "शेजारीण आहे मी. जन्मापासून बघतेय. गरीब मुलगा आहे. हल्ली फार बोलत नाही, एवढंच."

"एवढं नको. इथं सही."

त्यांनी सही केली. द्रौपदा किसन गांगुर्डे. प्रत्येक काना सरळ, किसनची वेलांटी गोल. सहीला एवढा वेळ लागला की मागच्या रांगेतल्या एकानं घड्याळ बघितलं. मग कुणी नावं ताडून न बघताच साहेबांचा गोल शिक्का खाली आपटला आणि कागद पक्का झाला. बाहेर चंदरनं त्यांना उसाचा रस पाजला. तो स्वतः प्यायला नाही. "तुझ्या वाटचाही मी पिते," म्हणून त्या प्यायल्या.

कागद फॅक्सनं तैवानला गेला. पंधरा दिवसांनी मेघानींचा निरोप आला: लिन मॅडम, म्हणजे ती शाळावाली, भावाबरोबर धंद्याच्या कामाला मुंबईत येतेय, मंगळवारी दुपारी कॅम्प चारला दुकानात येईल आणि मास्तर बघेल.

बघेल म्हटल्यावर द्रौपदाबाई उठून बसल्या. मुलगी द्यायची तर आपण घर बघतो, माणसं बघतो. पोरगा समुद्रापार द्यायचा, आणि घेणारीचं तोंडही बघायचं नाही?

"तू येऊ नकोस," चंदर म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला, आणि किती महिन्यांनी त्यांना बरं वाटलं.

तो सकाळीच गेला. त्यांनी बेसनाचे लाडू डब्यात भरले, निळी साडी नेसली, आणि दुपारी शेअर रिक्षा करून कॅम्प चारमध्ये उतरल्या. मेघानींचं दुकान विचारायला वेळ लागला नाही. रस्त्यावर जिकडं-तिकडं निळ्या कापडाचे ढीग, रंगाच्या पाण्याची गटारं, आणि प्रत्येक पाटीवर कुणी ना कुणी मेघानी. पण चेनवाला एकच.

आत चेनच्या गुंडाळ्यांच्या ढिगाऱ्यात टेबल मांडलं होतं. एका बाजूला चंदर, कोट घातलेला. कोट त्यांनी कधी पाहिला नव्हता. समोर ठेंगणी, नीटनेटकी बाई, हातात फाईल. मध्ये मेघानीशेठ, पांढरा सफारी, कपाळावर घाम. तिघांपुढं थंडाच्या बाटल्या.

"कौन, अम्मां?" मेघानी म्हणाले.

त्यांनी चंदरकडे पाहिलं. तो चुन्यासारखा पांढरा झाला होता. त्या म्हणणार होत्या, मी ह्याची आई. पण साक्षीदाराचा नियम आठवला. कागद याच बाईकडे होता, म्हणजे नियम इथंही लागू. द्रौपदाबाई कायदा पाळणाऱ्या होत्या.

"हम बाजूवाली है," त्या म्हणाल्या. "शेजारी. लड्डू लाया."

मेघानींनी त्यांना खुर्ची दिली. चंदर बोलायला लागला. लिन मॅडम मान हलवत होती आणि मध्ये मध्ये मेघानींना विचारत होती, कारण चंदरची इंग्रजी तिच्या पुढं धावत होती. द्रौपदाबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण कोण जिंकतंय ते कळत होतं. त्यांनी लाडवांचा डबा पुढं सरकवला.

मग लिन मॅडमनं फाईलमधून कागद काढला. तोच. तिनं त्यावर बोट ठेवलं, द्रौपदाबाईंकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. डोळ्यांत अशी माया आणून, की द्रौपदाबाईंना वाटलं लाडू आवडले.

मेघानी म्हणाले, "अम्मां, मॅडम बोलती हैं, आप तो जन्म से जानते हो इसको। इसकी माँ बच्चा पैदा होते ही गुजर गई, इसमें लिखा है। बहुत दुख हुआ बोलती हैं। आप पहचानते थे उसको?"

बाहेर कुठंतरी शिवणयंत्रं चालू होती. द्रौपदाबाईंनी कागदाकडे पाहिलं. त्या सगळ्या कागदावर त्यांना वाचता येण्याजोगी एकच गोष्ट होती: खाली, त्यांची सही. वरती इंग्रजीत मेलेली द्रौपदा, खाली मराठीत तिला ओळखणारी द्रौपदा, आणि मध्ये सरकारचा गोल शिक्का. आई बदलून आणली होती पोरानं. हिल्डाबाई आई झाली होती. भांडी घासणारी मेली होती.

चंदर टेबलाकडे बघत होता.

एकच शब्द पुरला असता. आयुष्यात कुणाला शब्द राखून न ठेवलेल्या बाईच्या तोंडात तो शब्द आलाही. मग त्यांनी तो कोट पाहिला. कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या आखूड. मनगटं बाहेर आलेली.

"हां," त्या म्हणाल्या. "पहचानते थे. बच्चा हुआ और वो गया."

"कैसी थी?"

"अच्छी बाई थी." द्रौपदाबाईंनी पदर सारखा केला. "जरा जबान तेज थी. लेकिन दिल में कुछ नहीं. काम को वाघ. खाना ऐसा बनाती थी के कोई नाम नहीं रखता था."

मेघानींनी ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना ते थबकले. त्यांची नजर त्या दोघांच्या तोंडांवरून फिरली. एकच नाक, एकच हनुवटी, आंधळ्यालाही दिसावी. पण ते व्यापारी होते, आणि भले होते. त्यांनी बाटली उचलून पाणी समजून थंडाच प्यायला, आणि उरलेलं इंग्रजीत सांगून टाकलं.

लिन मॅडमनं कागद परत फाईलमध्ये ठेवला. मग तिनं चंदरला काहीतरी सांगितलं, बराच वेळ. चंदर ताठ बसला होता. सांगून झाल्यावर ती उठली, दोन्ही हातांनी एक लाडू घेतला, वाकली, आणि बाहेरच्या गाडीकडे गेली.

"काय झालं?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

मेघानींनीच सांगितलं, हिंदीत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. मॅडम म्हणते, मास्तर फार हुशार. इंग्रजी तिच्यापेक्षा चांगली, तिच्या सगळ्या मास्तरांपेक्षा चांगली. कागदही ठीक आहे. पण त्यांच्याकडे पोरांचे आईबाप दारात उभे राहून मास्तर बघतात. त्यांना गोरा चेहरा लागतो. तिच्याकडे पोलंडचा एक जण आहे, त्याला इंग्रजी निम्मी येते, पण पालक खूश आहेत.

"म्हणजे कागद बघितलाच नसता तरी चाललं असतं?"

"अम्मां," मेघानी म्हणाले, "मेरी माँ सिंध से आई, सिंधी के सिवा कुछ जानती नहीं थी। मेरी बेटी के दाखले में सिंधी लिखा है, और वो दादी की फोटो से भी हिंदी में बात करती है। कागज़ का क्या है।" त्यांनी लाडवांचा डबा झाकण लावून परत दिला. मग काय वाटलं कोण जाणे, झाकण काढून एक लाडू घेतला, आणि वाकून द्रौपदाबाईंच्या पायांना हात लावला. शेजारणीच्या पाया कुणी पडत नाही. चंदरनं ते पाहिलं.

रिक्षा मिळेना. दोघं कॅम्प चारच्या नाक्यापर्यंत चालत आले. चंदरनं कोट काढून हातावर घेतला होता. अंबरनाथपर्यंत रिक्षात आणखी तिघं होते.

कौसाबाई दारात उभ्या होत्या. कधी नव्हे ते उंबरा ओलांडून पुढं आल्या. "काय झालं? कधी जायचं?"

"नाही जमलं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आम्हालाच पसंत नाही पडलं." आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या त्यांनी दार लावलेलं कौसाबाईंनी किसन गेला त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

चंदर कॉटच्या कडेला बसला. मग बोलायला लागला आणि थांबेना. चौदा शाळा, आई. सगळे विचारतात, कुठून शिकलास. ज्याच्या घरात जन्मापासून आहे त्याला कुणी विचारत नाही कुठून. एकदा, फक्त एकदा वाटलं, कुणी विचारू नये. तो हेडमास्तर म्हणाला आणि माझ्या डोक्यात बसलं. कागदच होता, आई. नुसता कागद. तुला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

द्रौपदाबाईंनी ऐकून घेतलं. जरीची साडी बदलली, तिची घडी घातली, डबा फडताळात ठेवला. मग त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"मारलंस त्याचं मला काही नाय, चंदर. पोरांपायी आया खऱ्या मरतात, मी तर कागदावर मेले. 'आई, यात तू मेलीस असं लिहिलंय, सही कर,' असं मराठीत सांगितलं असतंस, तर मी एवढंच विचारलं असतं, कुठं करू? पण तू ते मला न येणाऱ्या भाषेत लिहिलंस आणि माझ्याच हातानं खाली सही घेतलीस. त्या बाईनं तुझं तोंड बघून तुला नको म्हटलं. तू माझी पाटी कोरी बघून मला नको म्हटलंस. तिच्यात आणि तुझ्यात मला काही फरक दिसत नाय."